सामूचा आकडा नंतर, आधी मुळी उकरून बघा (नवीन शेती-बाग करणाऱ्यांसाठी)

आमच्या सोलापूरकडच्या रानात कागदी लिंबू लावून दीड वर्ष झालं होतं, आणि एका पावसाळ्यानंतर नवीन फूट सगळी पिवळी यायला लागली. जुनी पानं हिरवी, पण शेंड्याची पानं लिंबासारखीच पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या दिसत होत्या. मला वाटलं झाड उपाशी आहे, म्हणून युरिया दिला आणि पाणी वाढवलं. झाडं अजून पिवळी पडली. आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, ते एका सकाळी कुदळ घेऊन आले आणि म्हणाले, "वर काय बघत बसलीस, खाली बघ." एका झाडाच्या बाजूला सव्वा फूट उकरलं तर खाली पांढरा चुनखडीचा थर होता, आणि मुळं त्याला टेकली की आडवी वळत होती. पांढरी मुळी जवळजवळ नव्हतीच, जी होती ती तांबूस आणि जाड.

तेव्हापासून कोणी नवीन माणूस विचारतो ना, की माझ्या मातीचा सामू ८.२ आलाय आता काय टाकू, तर मी आधी हेच विचारते की मुळी बघितली का. सामू म्हणजे पीएच, माती आंबट (आम्ल) आहे की त्याच्या उलट, चुन्यासारखी (विम्ल) हे सांगणारा आकडा. पण तो आकडा कमी-जास्त करणं हे काम नाहीये, मुळीला तिथं जगता आणि खाता येणं हे काम आहे, आणि या दोन गोष्टीत खूप फरक आहे. का ते खाली येईलच.

पहिली पायरी : वाफसा आला की उकरा

माती चिकट ओली नको आणि दगडासारखी वाळलेलीही नको. वाफशावर, झाडाच्या बुंध्याला चिकटून नाही तर फांद्यांच्या सावलीच्या कडेला, एक फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल खड्डा हळू हळू घ्या. भुईमूग, सोयाबीन, मिरची असलं पीक असेल तर एक-दोन रोपं मातीच्या ढेकळासकट उचला आणि बादलीत पाण्यात बुडवून माती सोडवा, उपटू नका, उपटलं की बारीक मुळी तुटून जमिनीतच राहते आणि तुम्हाला वाटतं पिकाला बारीक मुळी नाहीच.

काय बघायचं? पांढरी मुळी किती आहे. शेतकरी जिला पांढरी मुळी म्हणतात तीच खरं खाणारी, तिच्या टोकामागे केसासारखी लव असते आणि माती तिला चिकटून येते. मुळाचं टोक निमुळतं आहे का बोथट, जाड, करपल्यासारखं आहे ते बघा. मुळं कुठल्या खोलीला अडतात ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. द्विदल पीक असेल तर मुळांवरच्या गाठी फोडून बघा, आतून गुलाबी-लाल पाहिजेत. आणि खड्ड्याच्या भिंतीत पांढरे खडे, पांढरे ठिपके दिसतात का ते. मोबाईलवर फोटो काढून तारीख टाका, दोन महिन्यांनी लागणार आहे.

मुळी आणि सामूचं नेमकं काय भांडण आहे

हे समजून घ्या, मग बाकीचं पाठ करावं लागत नाही. १९०९ मध्ये सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी आणली. ७ म्हणजे मध्यम, त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. पण ही पट्टी दहापटीची आहे, म्हणजे ६ पेक्षा ५ दहापट आम्ल आणि ४ शंभरपट. त्यामुळे ७.५ आणि ८.५ यात "एकच तर आहे" असं म्हणू नका.

मुळी वाढते ती टोकाशी, तिथल्या पेशी लांब होतात म्हणून. आता पेशीची भिंत कडक असते, ती ताणायची तर थोडी सैल करावी लागते, आणि त्यासाठी पेशी स्वतः आम्ल बाहेर सोडते, त्या आम्लाने भिंत सैल होते आणि पेशी पाण्याच्या दाबाने लांबते. म्हणजे मुळीला वाढायला थोडा आंबटपणा लागतोच, तो ती स्वतः तयार करते. बाहेरचं मातीतलं पाणी चुनखडीमुळे विम्ल असेल तर तिनं सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मरतं.

दुसरं, खाणं. लोह जमिनीत भरपूर असतं, आपल्या बेसाल्टच्या काळ्या मातीत तर असतंच, पण सामू एकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह हजारपटीने कमी होतं. जस्त, मँगनीज यांचंही तसंच, एवढं टोकाचं नाही पण तसंच. म्हणून माझ्या लिंबाला पोट भरायला ताट समोर होतं आणि हात बांधलेले होते. नवीन पान पिवळं पडतं कारण लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. हाच आपला केवडा. भुईमुगात, सोयाबीनमध्ये, उसात, सगळीकडे दिसतो. जुनी खालची पानं आधी पिवळी पडली तर ते बहुतेक नत्राचं असतं, तिथे युरियाचा उपयोग, इथे नाही. आणि जास्त पाण्याने केवडा वाढतो, कारण चुनखडीच्या मातीत हवा कोंडली की बायकार्बोनेट साठतं आणि मुळीचं लोह घेणं अजून अवघड होतं. मी नेमकं तेच केलं होतं.

स्फुरदाचं दोन्हीकडून अडतं : सामू फार वर गेला की कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, फार खाली गेला की लोह आणि ॲल्युमिनियम धरतात.

कमी सामूत मुळीचं दुखणं वेगळंच असतं. साधारण ५.५ च्या खाली, आणि ५ च्या खाली तर जोरात, मातीच्या कणांमधलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि ते थेट मुळीच्या टोकावर घाव घालतं. टोक जाड, बोथट, तपकिरी होतं, बाजूची बारीक मुळं फुटत नाहीत. वरून झाड खुरटं दिसतं, आणि पावसाने चार दिवस ओढ दिली की माना टाकतं कारण मुळी खोल गेलेलीच नसते. गाठी करणारे जिवाणूही तिथे नीट जगत नाहीत.

एकाच राज्यात दोन्ही टोकं आहेत हे आपलं खास. दापोली, रत्नागिरी, गोव्याकडे हजारो मिलिमीटर पाऊस कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो, म्हणून जांभ्याची लाल माती आम्ल. सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछायेत सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, नगरकडे पाऊस कमी, चुना धुतला जात नाही, तिथेच खाली साठतो. म्हणून यूट्यूबवर कोकणातल्या माणसाने "चुना टाका" सांगितलं म्हणून बार्शीत चुना टाकू नका. लोक खरंच टाकतात, मला फोन येतात. राखेचंही तेच. राख विम्ल असते, कोकणात चालते, पूर्वी राब भाजून भाताची रोपं करायचे त्यात राखेचा हा फायदा होताच, पण काळ्या चुनखडीच्या मातीत चुलीची राख रोज कुंडीत टाकणं थांबवा.

दुसरी पायरी : नमुना

इथे कंटाळा केला की पुढचं सगळं चुकतं. हंगामी पिकासाठी रानात नागमोडी फिरत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, २०-२५ सेंमी खोल, आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याची जागा, नुकतं खत टाकलेलं, पाणी साचणारी जागा, हे सोडायचं. काळं रान आणि मुरमाड रान एकत्र करू नका, वेगळे नमुने. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा (गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भांडं नको, सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे चुकतात), चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, असं करत अर्धा किलो उरवा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत घाला.

फळबाग लावायची असेल तर हे पुरेसं नाही. तीन फूट खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा. माझ्या रानात वरच्या फुटाचा सामू ७.९ होता, बघायला काही वाईट नाही, आणि दुसऱ्या फुटाचा ८.५. लावायच्या आधी हे कळलं असतं तर मी तिथे लिंबू लावलंच नसतं.

कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठांच्या, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून मिळतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात, त्यात सामू, विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते) आणि सेंद्रिय कर्ब आहेत, पण चुनखडीचं प्रमाण त्यात नाही. आपल्या काळ्या मातीसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून "मुक्त चुना पण करून द्या" असं वेगळं सांगा. बोअरचं पाणीही एका स्वच्छ बाटलीत घेऊन जा.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन गोष्टी करा. वाळलेल्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका, कान जवळ न्या, फसफसलं तर चुनखडी आहे (थोडी असेल तर ऐकू येणार नाही, म्हणून न फसफसणं हा पुरावा धरू नका). दुसरं, २० ग्रॅम माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास मधून मधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा. प्रयोगशाळेतही हेच १ : २.५ प्रमाण वापरतात. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त ते पाणीच आहे, ॲसिड नाही हे विचारून घ्या. दोन काट्यांचा स्वस्त मीटर मातीत खुपसून जो आकडा येतो त्यावर मी एक रुपया खर्च करणार नाही, कोरड्या मातीत एक सांगतो आणि ओल्यात दुसरं.

तिसरी पायरी : रिपोर्ट वाचायचा

६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक पिकांना छान, सामूचा विचार सोडा आणि शेणखताकडे लक्ष द्या. ५.५ च्या खाली असेल तर आम्ल माती, चुन्याचा विषय. ७.५ ते ८.५ आणि चुनखडी असेल तर आमच्यासारखं, हे महाराष्ट्रात खूप जणांचं असतं. ८.५ च्या वर असेल तर शंका सोडियमची, म्हणजे चोपण जमीन. आणि सामू ठीक पण विद्युत वाहकता जास्त असेल तर ती क्षारांची गोष्ट, मुळीला पाणी ओढता येत नाही, तिथे निचरा हा उपाय आहे, सामूच्या गोळ्या नाहीत.

चुनखडीच्या मातीत काय करायचं

आता ते गणित, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. एक एकराची वरची १५ सेंमी माती अंदाजे ९ लाख किलो भरते. त्यात १ टक्का चुनखडी म्हणजे ९ टन चुना. तेवढा चुना मारायला जवळजवळ ३ टन गंधक लागतं. आमच्या रिपोर्टात चुनखडी ११ टक्के होती, म्हणजे ३० टनांच्या वर गंधक, तेही फक्त अर्ध्या फुटाला. आणि चुना संपल्याशिवाय सामू खाली उतरत नाही, टाकलेलं आम्ल तो खाऊन टाकतो. त्यामुळे एकरी पाच-दहा किलोची कुठली बाटली किंवा पुडी "सामू ७ वर आणते" म्हणून कोणी विकत असेल तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

म्हणून पूर्ण रान बदलायला जाऊ नका, मुळीच्या आजूबाजूची चार बोटं बदला. तेवढं जमतं, कारण मुळी स्वतः पण तेच करते. हरभऱ्याच्या पानावरची आंब हाताला लागते ना, तसाच हरभरा मुळीतूनही सेंद्रिय आम्लं सोडतो आणि अडकलेलं स्फुरद सोडवून घेतो. मुळीने अमोनियम रूपातलं नत्र घेतलं की ती बदल्यात आम्ल सोडते, नायट्रेट रूपातलं घेतलं तर उलटं होतं. याचा उपयोग करा : चुनखडीच्या रानात नत्राचा काही हिस्सा अमोनियम सल्फेटमधून द्या, मातीत गाडून आणि लगेच पाणी देऊन. असल्या मातीत युरिया किंवा अमोनियम सल्फेट वर फेकून ठेवलं की अमोनिया होऊन उडून जातं.

मी लिंबाला काय केलं ते सांगते. फांद्यांच्या सावलीच्या कडेला, ठिबकच्या ड्रिपरखाली येतील असे चार खड्डे, फूटभर खोल, प्रत्येक झाडाला. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत, आणि त्या शेणखतात आधी आठ-दहा दिवस हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, झिंक सल्फेट आणि थोडं गंधक मिसळून ओलसर मुरवलेलं. सिंगल सुपर फॉस्फेट पण त्याच खड्ड्यात, पसरून नाही. कुजणाऱ्या शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या हाती लागू देत नाहीत, नुसतं हिराकस मातीत फेकलं तर थोड्या दिवसात गंज होऊन निकामी होतं. कच्चं शेणखत घालू नका, हुमणी येते आणि मुळी भाजते.

पिवळ्या पानांना ताबडतोब आधार म्हणून फवारणी, १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, सकाळी किंवा संध्याकाळी, आठ-दहा दिवसांनी परत. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा, पानं करपतात का बघा. जमिनीतून चिलेट (लोहाला धरून ठेवणारं, विरघळणारं खत) द्यायचं असेल तर डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, लालसर असतं आणि महाग असतं, पण चुनखडीत तेच टिकतं. स्वस्त मिळतं ते ईडीटीए फवारणीला ठीक, विम्ल मातीत ते लोह सोडून कॅल्शियम धरतं.

आणि पाणी कमी करा. वाफसा येऊ द्या, मग द्या. आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीनेच नवीन फुटीचा रंग बदलायला लागला होता.

अजून लावलंच नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या हातात आहे, पीक आणि खुंट (कलमाचा मुळाकडचा भाग) बदला. चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर लिंबू-संत्रा-मोसंबीच्या भानगडीत पडू नका, लावायचंच असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं कलम मागा. डाळिंब, बोर, सीताफळ असल्या मातीत बरेच सोसतात. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या लाल मातीत येते म्हणून सोलापूरच्या काळ्या मातीत येईल असं नाही, ती हौस कुंडीत भागवा.

चोपण असेल तर

ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात मातीचा वाळलेला छोटा खडा अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांत भोवती दुधासारखं गढूळ वलय झालं तर सोडियमने मातीचे कण सुटे झालेत. अशा मातीत मुळी नुसत्या सामूमुळे नाही, गुदमरून मरते, पाऊस पडला की चिखल आणि वाळली की फरशी. इथे जिप्सम काम करतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. पण हटवलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला चर पाहिजे, नाहीतर ते तिथेच फिरत राहतं. म्हणून आधी निचरा, मग प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत जिप्सम वरच्या थरात मिसळून भरपूर पाणी, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घेऊन फुलावर यायच्या आत गाडा. आणि लक्षात ठेवा, नुसत्या चुनखडीच्या रानात जिप्समने सामू कमी होत नाही, तिथे कॅल्शियम आधीच उतू चाललंय. हा गोंधळ फार लोक करतात, दुकानदारही.

कोकणात, गोव्यात

चुना किती हे प्रयोगशाळेकडून घ्या, कारण चिकण माती जास्त असली की जास्त लागतो. बारीक दळलेला घ्या, पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळा. चुना आणि युरिया किंवा शेणखत एकाच दिवशी नको, नत्र उडून जातं. ६ ते ६.५ झालं की थांबा, लाल मातीत जास्त चुना झाला की जस्त आणि बोरॉनची कमतरता सुरू होते. चुना फार खाली सरकत नाही, जिथे मिसळला तिथेच राहतो. भातखाचरात मात्र घाई करू नका, पाणी साठून काही आठवडे गेले की आम्ल मातीचा सामू आपोआप मध्यमाकडे येतो. नाचणी आणि काजू आम्लपणा बऱ्यापैकी सोसतात, वाल-चवळी-भुईमूग घ्यायचे तर चुन्याचा फायदा गाठींमध्ये लगेच दिसतो.

कुंडीवाल्यांसाठी थोडंसं

कुंडीत माती कमी म्हणून सामू पटकन बदलतो, आणि बदलतो तो बहुतेक पाण्यामुळे. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरी पुटं येतात तोच बायकार्बोनेटचा चुना. पावसाचं पाणी साठवून महिन्यातून एक-दोनदा भरपूर घाला, खालून वाहून जाऊ द्या. वापरलेला चहाचा चोथा माती आंबट करतो असं म्हणतात, धुतलेल्या चोथ्यात तेवढं आम्ल नसतं, खत म्हणून कुजवून घाला. व्हिनेगरचं पाणी घालून आकडा दोन दिवस उतरतो आणि परत येतो, त्यात मुळीचे हाल होतात.

शेवटची पायरी : परत उकरा

दोन महिन्यांनी, त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला, तशाच वाफशावर. रिपोर्टचा सामू तेव्हा तोच असेल, ८.२ चा ८.१ सुद्धा झाला नसेल, त्याने घाबरू नका. शेणखताच्या खड्ड्यात पांढरी मुळी शिरली आहे का बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी चारपैकी दोनच खड्ड्यांत शिरली होती, बाकीचे दोन ड्रिपरपासून लांब पडले होते आणि कोरडे राहिले होते. मामांनी ड्रिपर सरकवले, आणि पुढच्या महिन्यात उकरलं तेव्हा त्या शेणखतात बोट घालायला जागा नव्हती, नुसती मुळी.